पुरिंगच्या पोरींची मतं

माझ्या आणि पुरिंगच्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि ती बांधणाऱ्याने निम्मं सिमेंट खाल्लेलं असणार, कारण तिच्या घरातला शब्द न् शब्द मला ऐकू येतो. पहाटे पाचला तिचं सुरू होतं. न्हाणीत कोण घुसून बसलंय, भाताचं पातेलं घासायची पाळी कोणाची होती, कोणाचे कपडे तीन दिवस दोरीवर लोंबतायत. वरच्या माडीवर तिच्या बोर्डिंगमधल्या अकरा मुली राहतात. सगळ्या कॉलेजच्या आणि सगळ्या कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या बेटावरच्या. मी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. दिवसभर चाळीस पोरांचा कालवा ऐकायचा आणि घरी येऊन पुरिंगचा. एकदा वैतागून बायकोला म्हटलं, आपण घर बदलू. ती म्हणाली, पुरिंगशिवाय तुम्हाला करमायचं नाही. ते खरंही असेल, पण तिने ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती.

पुरिंग स्वतः सिकिहोर बेटावरची. सिकिहोर म्हटलं की आमच्याकडे लोक चेटकिणींच्या गोष्टी काढतात. बाजारात कोळणीने तिला मासा महाग लावला की पुरिंग नुसते डोळे बारीक करते आणि कोळीण भाव उतरवते. चेटूक वगैरे तिला काही येत नाही, पण येत नाही हे ती कधी कबूल करत नाही.

सतरा वर्षांची असताना ती बोटीतून इथे आली, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या घरी धुणंभांडी करायला. निवडणूक आली तेव्हा मालकीणबाई सजूनधजून मतदानाला निघाल्या आणि हिने भीत भीत विचारलं, मी पण येऊ का? मालकीणबाई काही वाईट नव्हत्या. त्या हसून म्हणाल्या, अगं, तुझं मत तुझ्या गावी. गावी जायला बोटीचं भाडं कोण देणार? त्यामुळे तिकडेही नाही आणि इकडेही नाही, अशी तिची कितीतरी वर्षं गेली. पुढे इस्को सुताराशी लग्न झालं आणि त्याने तिला हाताला धरून नाव नोंदवायला नेलं. पहिल्यांदा बोटाला शाई लागली त्या दिवशी ती काहीही घ्यायचं नसताना बाजारात तीन फेऱ्या मारून आली, असं इस्को सांगायचा. इस्को आता नाही. त्याने बांधलेली माडी आहे आणि तिच्यावर पोरी आहेत.

आमच्या गल्लीच्या आणि कॉलेजच्या मध्ये एक ओढा आहे. रस्त्याने गेलं तर पाऊण तासाचा वळसा पडतो, म्हणून ओढ्यावर माडाची दोन खोडं टाकलेली होती आणि त्यावरून सगळ्यांची ये-जा. पावसाळ्यात ती खोडं शेवाळून बुळबुळीत होत. नर्सिंगच्या मुली पांढरे बूट हातात घेऊन अनवाणी ओढा ओलांडत आणि पलीकडे पाय पुसून ते परत घालत. मागच्या पावसात रियालिन नावाची मुलगी त्यावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. सहा महिने तिला इस्पितळातलं शिकाऊ काम करता आलं नाही. तिचे वडील मासेमारीवर घर चालवणारे. ते आले, खाटेशी बसले, एक शब्द बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत गेले. पुरिंगला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ती तडक कॅप्टनकडे गेली. बरांगाय, म्हणजे आमच्या वस्त्या मिळून जे सर्वांत धाकटं सरकार असतं, त्याचा प्रमुख तो कॅप्टन. तिबो त्याचं नाव, राहतो आमच्याच वस्तीत. माणूस वाईट नाही. अडल्यानडल्या बाळंतिणीला इस्पितळात पोचवायला स्वतःची गाडी काढतो. दोन गोष्टींपुढे मात्र त्याला काही सुचत नाही. एक बास्केटबॉल आणि दुसरा माईक. लग्न असो की मयत, माईक दिसला की तिबो त्याच्यामागे उभा राहणार. त्या दिवशी कार्यालयात पाचपन्नास माणसं होती, त्यामुळे माईक नसतानाही तो माईकवर असल्यासारखाच बोलला. नांग, म्हणजे ताई, म्हणायला मात्र विसरला नाही.

"नांग पुरिंग, पूल बांधू हो, पण कोणासाठी? तुमच्या पोरींची मतं त्यांच्या त्यांच्या बेटांवर. त्यांच्या तिकडच्या कॅप्टनला सांगा की पूल बांधून."

लोक हसले. हसणाऱ्यांत आमच्या गल्लीतलेही होते, ज्यांना तिने तापात कण्हत असताना पेज करून घातली होती. पुरिंग घरी आली आणि त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बायको म्हणाली, जाऊन बघा हो. मी म्हटलं, होऊ दे एक दिवस शांतता. पण जेवण काही धड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आवाज परत सुरू झाला आणि या वेळी विषय न्हाणीचा नव्हता. मतदार म्हणून नाव नोंदवायला कोण कोण चाललंय, हा होता.

आमच्याकडे सहा महिने एका जागी राहिलं की तिथे नाव नोंदवता येतं. सगळ्या मुली वर्ष-दीड वर्षापासून इथे राहत होत्या, म्हणजे कायद्याने काहीच अडत नव्हतं. अडत होत्या त्या मुलीच. एकीची परीक्षा होती, एकीचं पोट दुखत होतं, एकीला फोटो काढायचा म्हणून आधी केस कापायचे होते. एक हुशार म्हणाली, नांग, माझ्या एका मताने काय होणार आहे? पुरिंग म्हणाली, "तुझ्या एका अंघोळीने माझी टाकी रिकामी होते. मताने काय होईल ते बघू." त्यानंतर त्या मुलीने मताबद्दलही काही विचारलं नाही आणि अंघोळही जरा आवरती घेतली.

दर शनिवारी ती तिघी-चौघींना घेऊन निघायची. पालिकेच्या इमारतीत निवडणूक कार्यालय, तिथे रांग, मग फोटो, मग दहाही बोटांचे ठसे. रांगेत पोरी कंटाळल्या की ही त्यांना आपल्या प्राध्यापकांच्या घरच्या गमती सांगायची, इतक्या मोठ्याने की कारकूनही हात थांबवून ऐकायचे. काम झालं की बाजारात नेऊन गरम चॉकलेट आणि पुतो, म्हणजे तांदळाचे वाफवलेले गोड केक, खायला घालायची. काही मुलींची नावं आधीच त्यांच्या गावी होती, ती इकडे बदलून घ्यायची होती. त्यावरून एका मुलीच्या आईचा फोन आला. मुलीचे काका तिकडे निवडणुकीला उभे राहणार होते आणि घरचं मत परक्या गावात गेलं म्हणून आई रडत होती. पुरिंगने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाई, तुमचे दीर एका मतावाचून पडणार असतील तर त्यांना उभेच राहू नका म्हणावं. आई रडता रडता हसली. दिराबद्दल तिचंही मत फारसं चांगलं नसावं.

एक गोष्ट मात्र मी भिंतीला कान लावूनही कधी ऐकली नाही. मत कोणाला द्यायचं, हे पुरिंगने पोरींना कधी सांगितलं नाही. तिला तिबोचा राग होता. त्याच्याविरुद्ध दवाखान्यातल्या सुईणबाई ग्लोरिफे उभ्या राहणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि पुरिंगचं नि त्यांचं चांगलं पटायचं. तरी नाही. उमेदवारांची माणसं पत्रकं घेऊन फाटकाशी आली की ती पत्रकं घ्यायची, थँक्यू म्हणायची आणि त्यांच्यात मासे गुंडाळायची, तिबोच्या आणि ग्लोरिफेच्या दोन्ही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मास्तर, मला कोणी तरी नेऊन उभं करायला हवं होतं. काय लिहायचं ते माझं मला कळत होतं."

अकराही नावं नोंदवून झाली आणि मग कार्यालयाच्या फळ्यावर तिबोची हरकत लागली. या मुली इथल्या रहिवासी नाहीत, मतदानापुरत्या आणलेल्या आहेत. अशांना आमच्याकडे उडते मतदार म्हणतात, मतदानाच्या दिवशी कुठून तरी उडत यायचं आणि मत टाकून उडून जायचं. ही शिवीच आहे. ज्याच्या घरी असे मतदार सापडतात त्याची तर पुरतीच अब्रू जाते. गावात कुजबुज सुरू झाली की पुरिंगला तुरुंगातही टाकतील. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला गंभीरपणे विचारलं, बोर्डिंग कोण चालवणार मग?

त्या आठवड्यात पुरिंग आमच्याकडे येऊन बसली. माझ्या बायकोने तिच्यापुढे उकडलेली केळी ठेवली, तिने हात लावला नाही. मग म्हणाली, "मास्तर, माझंही नाव काढतील का हो?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, तुझं कशाला काढतील? हरकत पोरींवर आहे.

"तिबो म्हणतोय, बोटीतून आलेली माणसं इथली नसतात. मी पण बोटीतूनच आलेय."

तिला इथे येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आहेत. नवरा इथल्या स्मशानात आहे. मी हसून ते उडवून लावलं, पण ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की पूल, मनगट, हरकत हे सगळं खरं असलं तरी तिला भीती वेगळीच होती. पोरी इथल्या ठरल्या तर तीही ठरणार होती, आणि नाही ठरल्या तर चाळीस वर्षं ती नुसती पाहुणी म्हणून राहिली असं होणार होतं. मला तिबोचा फार संताप आला. पण मी सरकारी मास्तर, निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करणारा, मला तोंड उघडायची सोय नव्हती.

सुनावणी एप्रिलच्या उकाड्यात झाली. मंडळ तीन जणांचं, आणि मधल्या खुर्चीत निवडणूक अधिकारी मॅडम, वयाने लहान, चेहऱ्याने करड्या. मुली गणवेश घालून एका बाकावर दाटीवाटीने बसल्या होत्या. पुरिंगने चर्चला जायचा झगा घातला होता आणि हातातल्या पंख्याने ती मुलींना वारा घालत होती, स्वतःला नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. ऐकायला तर कोणाची बंदी नव्हती.

तिबो आला तो पूर्ण लवाजमा घेऊन. साक्षीला म्हणून त्याने वस्तीचा अख्खा बास्केटबॉल संघ आणला होता. एकजुटीने आल्यासारखं दिसावं म्हणून त्याने सगळ्यांना संघाचे निळे बनियन घालायला लावले होते, पाठीवर ‘विजेते’ असं छापलेले. ते उंच उंच दांडगे त्या लहानशा खोलीत मावेनात, निम्मे खिडकीबाहेर उभे राहिले. तिबोने भाषण केलं. या मुली सुट्टी लागली की बॅगा भरून निघून जातात, यांची घरं दुसरीकडे, यांचे आईबाप दुसरीकडे, यांचा आणि आपल्या वस्तीचा संबंध काय? भाषण बरं झालं होतं. दोन खेळाडूंनी सवयीने टाळ्याही वाजवल्या.

मॅडमनी पुरिंगला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मला वाटलं आता ही पोतंभर सांगणार. ती उठली आणि मॅडमकडे न बघता तिबोकडे वळली.

"तिबो, या पोरांनी घातलेत ते बनियन कसले रे?"

"लीगचे. फिएस्टाच्या लीगमध्ये आपली वस्ती पहिली आली." तिबोची छाती आपोआप फुगली.

"संघाची राणी कोण होती?"

खिडकीबाहेर कोणी तरी खाकरलं.

आमच्याकडे फिएस्टाला, म्हणजे गावच्या जत्रेला, लीग सुरू होते त्या दिवशी सगळे संघ वाजतगाजत मैदानात येतात आणि प्रत्येक संघाच्या पुढे एक मुलगी असते, नटूनथटून, खांद्यावरून पट्टा घेतलेली, हातात चेंडू. ती संघाची राणी. राणी नसेल तर संघाला कोणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी चार नंबरच्या वस्तीने शहरातून सौंदर्यस्पर्धा जिंकलेली एक मुलगी आणली होती आणि आमच्या वस्तीचं नाक कापलं गेलं होतं. तेव्हा तिबोनेच बैठकीत टेबल आपटून नियम करून घेतला की राणी त्या त्या वस्तीत राहणारी पाहिजे, बाहेरची आणली तर संघ बाद. आणि या वर्षी आमच्या संघापुढे पट्टा घालून चालली होती रियालिन. चार नंबरवाले ओरडले की ही तर दुसऱ्या बेटावरची. त्यावर तिबोने माईक हातात घेतला आणि भर मैदानात सांगितलं की ही आमच्या वस्तीची लेक आहे, इथे जेवते, इथे झोपते, इथल्या ओढ्यावर हिचं मनगट मोडलं, ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर यावं. मीच ते ऐकलं होतं. सगळ्या बरांगायने ऐकलं होतं. कर्णे सहा होते.

पुरिंगने हे सगळं मॅडमना सांगितलं, अगदी थोडक्यात, आणि खाली बसली. मॅडमनी पेनचं टोपण दातात धरलं. त्या हसू दाबत होत्या की काय, मला मागून दिसलं नाही.

तिबो म्हणाला की लीग वेगळी आणि निवडणूक वेगळी. ते म्हणता म्हणताच संघाचा म्होरक्या आर्निल पुढे आला. ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली रिक्षा, चालवणारा हा पोरगा तिबोचा उजवा हात समजला जातो.

"कॅप्टन, रियालिन इथली नसेल तर चषक चार नंबरला द्यावा लागेल," तो म्हणाला.

"अरे, चषकाचं इथे काय?"

"नियम तुमचाच आहे. बाहेरची राणी, संघ बाद." खिडकीतून दुसरा बोलला, "चार नंबरवाले बाहेर उभे आहेत, कॅप्टन. ऐकतायत." आणि खरंच होते, दोघे जण, आपापल्या मोटरसायकलींवर बसून. हे कुठून आले आणि त्यांना कोणी कळवलं, ते मला आजवर माहीत नाही. पुरिंगला विचारलं तर ती डोळे बारीक करते.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "कॅप्टन, ही मुलगी तुमच्या वस्तीत राहते की नाही? एकच उत्तर द्या."

तिबोने संघाकडे पाहिलं. आठ जण दोन्ही हात छातीवर बांधून उभे होते आणि त्यांतला एकही त्याच्याकडे प्रेमाने बघत नव्हता. मग त्याने रियालिनकडे पाहिलं. तिचं मनगट अजून जरा वाकडंच दिसायचं.

"राहते," तो म्हणाला.

"आणि बाकीच्या दहा?"

"त्या त्याच घरात राहतात."

"म्हणजे?"

"म्हणजे घर तेच, मॅडम." तिबोने रुमालाने कपाळ पुसलं. "माझी हरकत मी मागे घेतो."

माझा जीव भांड्यात पडला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, खेळाडूंनी परत टाळ्या वाजवल्या आणि या वेळी मनापासून वाजवल्या, कारण चषक वाचला होता. पुरिंग मात्र चालत बाहेर गेली, पालिकेच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. पोरी घाबरल्या. एक शहाळं आणायला पळाली, एक पंख्याने वारा घालू लागली. मी जवळ गेलो तर हिने माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"माझं नाव राहिलं ना, मास्तर?"

"अगं, तुझ्या नावाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता."

"ते मला माहीत होतं," ती नाक पुसत म्हणाली. "तरी."

मग शहाळं आलं आणि ते गोड नाही म्हणून तिने आणणाऱ्या पोरीला झापलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

एवढं होऊनही ऑक्टोबरच्या शेवटी सगळं केलेलं पाण्यात जायची वेळ आली. मतदान सोमवारी, आणि बुधवारी सगळ्या संतांचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे माणूस कुठेही असो, घरी जातो, आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. मुलींना शनिवारच्या बोटीने निघायचं होतं. रियालिनची आजी वारल्यानंतरचा तो पहिलाच संतांचा दिवस होता. पुरिंगने कोणाला अडवलं नाही. मला भिंतीतून ऐकू आलं, ती म्हणत होती, जा बायांनो, आपल्या माणसांना भेटायला जायचंच असतं, मी काही बोलणार नाही. आणि खरंच पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं काय असतं ते मला माहीत होतं, पोरींना बिचाऱ्यांना नव्हतं. शनिवारभर त्यांनी ते कसं सोसलं कोण जाणे.

सोमवारी सकाळी मी केंद्रावर गेलो. माझ्याच तिसरीच्या वर्गात केंद्र होतं. शाळेच्या फाटकाशी रांगेत सर्वांत पुढे अकराही जणी उभ्या, पायांशी बॅगा, पिशव्यांतून मेणबत्त्यांची आणि फुलांची टोकं बाहेर आलेली. शनिवारची बोट सोडून त्यांनी आजच्या दुपारच्या बोटीची तिकिटं काढली होती. पुरिंग बाजूला भाताचे डबे घेऊन उभी होती, प्रत्येकीच्या डब्यात सुका मासा आणि अंडं. तिबोच्या प्रतिनिधीने बॅगा बघितल्या आणि मला म्हणाला, बघा सर, म्हटलं नव्हतं, उडते मतदार. मी त्याला सांगितलं की मतदान झाल्यावर माणसाने उडावं, पोहावं की चालत जावं याबद्दल कायद्यात काही नाही. इतकं बोलायची मला सरकारने परवानगी दिली होती असं मी धरून चाललो.

बरांगायच्या निवडणुकीत आमच्याकडे उमेदवारांची नावं हाताने लिहायची असतात. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून त्या पोरी बसल्या आणि हाताचा आडोसा करून लिहू लागल्या. एकेक जण पेटीत मत टाकून बोटाला शाई लावून बाहेर पडली. रियालिन बाहेर पडताना पुरिंगने तिच्या हातात डबा दिला आणि शाई ओली असेपर्यंत फुलांना हात लावू नकोस म्हणाली.

मोजणी त्याच वर्गात झाली. मी मतपत्रिका उघडायची, मोठ्याने नाव वाचायचं आणि दुसऱ्या बाईंनी फळ्यावर रेघ ओढायची. मुली तेव्हा समुद्रावर होत्या. पुरिंग मागच्या बाकावर बसली होती. थोड्या वेळाने तिबो आला आणि दुसरी जागा नव्हती म्हणून तिच्याच शेजारी, त्या तिसरीच्या बाकावर अंग चोरून बसला. तिबो, ग्लोरिफे, ग्लोरिफे, तिबो. मी वाचत होतो आणि रेघा जवळजवळ बरोबरीने वाढत होत्या. सगळ्या वर्गांचे आकडे एकत्र आले तेव्हा तिबो सात मतांनी निवडून आला होता.

बाहेर त्याच्या माणसांनी ढोल सुरू केले, पण तिबो बाकावरून उठला नाही. मी कागद बांधत होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"नांग," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या पोरींनी मला किती दिली?"

"मी विचारलं नाही."

"म्हणजे सगळ्या माझ्या विरोधात गेल्या?"

"मी विचारलं नाही, तिबो. तू विचार. पण तू विचारलंस तरी त्या सांगणार नाहीत, तेवढं मी शिकवलंय त्यांना."

तिबो बोटांवर हिशोब करू लागला. सातने जिंकलो, पोरी अकरा. सगळ्यांनी त्याला दिली असतील तर तो त्यांच्या जिवावर निवडून आला होता. सगळ्यांनी विरोधात दिली असतील तर पुढच्या वेळी अशा आणखी आठ जणी आल्या की तो घरी बसणार होता. आभार कोणाचे मानायचे आणि रुसायचं कोणावर, त्याला काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, सर, तुम्ही मतपत्रिका वाचल्यात, तुम्ही मास्तर, तुम्हाला अक्षर ओळखता येत असेल. मी म्हटलं, मी तिसरीला शिकवतो, मला सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं.

मुली मेणबत्त्या लावून परत आल्या तेव्हा ओढ्यात तिबो पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता आणि गवंडी टेपने माप घेत होता. प्रत्येक मुलगी खोडांवरून जाताना तिबो खालून हसून विचारायचा, काय बाई, मला दिलंत ना मत? आणि प्रत्येक जण गोड हसायची आणि पुढे जायची. माझ्या बायकोने हे खिडकीतून पाहिलं आणि ती पोट धरून हसली.

मार्चपर्यंत पूल उभा राहिला. सिमेंटचा, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. तोंडाशी तिबोच्या फोटोची पाटी, पुलाच्या मानाने जरा मोठीच. उद्घाटनाला अर्थातच माईक होता. तिबो अर्धा तास बोलला. पुरिंग पूल ओलांडून पलीकडे गेली, परत आली, कठडा हलवून पाहिला आणि म्हणाली की ठीक आहे. तिच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी आजवर ऐकलेली नाही. त्या रात्री मला फार चांगली झोप लागली, आणि सकाळी बायको म्हणाली, पुरिंगलाही लागली असणार.

नव्या सत्रासाठी तिच्याकडे तीन नवीन मुली आलेल्या होत्या, उद्घाटनाला त्याही होत्या. भाषण संपवून तिबो घाम पुसत आमच्याशी येऊन उभा राहिला. पुरिंग त्या तिघींना सांगत होती की जूनमध्ये तुमचे सहा महिने भरतात, तेव्हा नाव नोंदवायला जायचं आहे, आणि त्या दिवशी पोट दुखलेलं मला चालणार नाही.

त्यांतली एक, जेमतेम अठराची, चाचरत म्हणाली, "पण नांग, आम्ही तर इथल्या नाही."

पुरिंगने तोंड उघडलं, पण तिच्याआधी तिबो बोलला.

"कोण म्हणतं असं?" तो जरा रागानेच म्हणाला. "सहा महिने झाले की तुम्ही इथल्याच. जाताना सांगा, आर्निलची ट्रायसिकल पाठवतो."

पुरिंगने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मला दिसलं हे तिलाही कळलं, म्हणून तिने घाईघाईने आवाज चढवला.

"आठ वाजता पाठव, तिबो," ती म्हणाली. "नऊ नाही, आठ."